राष्ट्र, भाषा आणि साम्राज्य : एकोणिसाव्या शतकातील इटलीचा दाखला

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना राष्ट्रवाद आणि साम्राज्यवाद ही पदे आपण सामान्यतः परस्परांच्या विरोधात उभी करतो. साम्राज्य इंग्रजांचे आणि राष्ट्रवाद आपला, अशी ही मांडणी असते. आपल्या परिस्थितीपुरती ती खोटी नाही. परंतु हीच मांडणी सार्वत्रिक नियम म्हणून वर्गात सांगितली जाऊ लागली, की ज्या देशाकडून मराठी तरुणांच्या एका पिढीने राष्ट्रवादाचे धडे घेतले त्या देशाचाच इतिहास तिच्या आड येतो. तो देश म्हणजे इटली. १८६१ साली इटलीचे राज्य स्थापन झाले. १८६९ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी असाब येथे एका इटालियन जहाज कंपनीने जमीन विकत घेतली. १८९६ मध्ये इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात इटलीच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. राज्याच्या स्थापनेपासून या पराभवापर्यंत अवघी पस्तीस वर्षे गेली. स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या हयातीतच, आणि पुष्कळदा त्यांच्याच हातून, हा प्रवास घडला.

हा प्रवास म्हणजे मूळ ध्येयाशी झालेली प्रतारणा होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. साम्राज्याकडे जाणारी वाट राष्ट्राच्या कल्पनेतूनच निघत होती, आणि ती नेमकी कोठे फुटते हे भाषेच्या व्यवहारात विशेष स्पष्टपणे दिसते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या विषयात काही बोलण्याचा अधिकार असेल, तर तो याच ठिकाणी.

२

इटली ही केवळ एक भौगोलिक संज्ञा आहे, असे ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याने १८४७ साली म्हटले. त्यात तुच्छता होती, पण वस्तुस्थितीचाही अंश होता. १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसनंतर लोंबार्डी व व्हेनिस ऑस्ट्रियाकडे, मध्यभाग पोपकडे, नेपल्स व सिसिली बूर्बाँ घराण्याकडे आणि पीडमाँट व सार्डिनिया सॅव्हॉय घराण्याकडे, अशी या द्वीपकल्पाची वाटणी झालेली होती. जिनोआत १८०५ साली जन्मलेल्या जोसेफ मॅझिनीने १८३१ मध्ये मार्सेय येथे हद्दपारीत असताना 'तरुण इटली' ही संस्था स्थापन केली, ती या वाटणीविरुद्ध. १८३४ मध्ये बर्न येथे इटालियन, पोलिश व जर्मन निर्वासितांना एकत्र आणून त्याने 'तरुण युरोप' उभारली. एकाच माणसाने या दोन्ही संस्था काढाव्यात, यात त्याच्या विचाराचे सार आले आहे. राष्ट्र हे त्याच्या लेखी अंतिम ध्येय नव्हते. प्रत्येक राष्ट्राला ईश्वराने मानवजातीच्या कार्यातील एक वाटा नेमून दिला आहे, आणि तो पार पाडण्यासाठी त्या राष्ट्राने स्वतंत्र असले पाहिजे, अशी त्याची धारणा होती. हक्कापेक्षा कर्तव्याला तो वरचे स्थान देतो ते यामुळेच.

या विचाराची उदात्तता नाकारण्याचे कारण नाही. १८४९ च्या रोमन प्रजासत्ताकाच्या अल्पायुषी प्रयोगात मॅझिनी व त्याचे सहकारी ज्या निष्ठेने वागले, ती पाहता हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता हे पटते. (ते प्रजासत्ताक बुडविणारे सैन्य दुसऱ्या एका प्रजासत्ताकाने, म्हणजे फ्रान्सने, पाठविलेले होते. एकोणिसाव्या शतकात अशा गोष्टींचे कोणाला फारसे नवल वाटत नसे.) परंतु 'नेमून दिलेले कार्य' या कल्पनेत एक अडचण आहे. कार्य म्हटले की ते ज्याच्यासाठी करावयाचे असा कोणी तरी लागतो. सीझरांच्या आणि पोपांच्या रोमनंतर लोकांचे तिसरे रोम जगाला नवा संदेश देईल, असे मॅझिनी सांगत असे. हा संदेश कोणाला द्यावयाचा, आणि ज्याला तो नको असेल त्याचे काय, हे प्रश्न ऑस्ट्रियाशी झगडा चालू होता तोपर्यंत उपस्थित झाले नाहीत.

ते उपस्थित झाले १८७१ मध्ये. सप्टेंबर १८७० मध्ये रोम इटलीच्या ताब्यात आले होते. राज्य राजाचे होते, मॅझिनीला हवे असलेले प्रजासत्ताक नव्हे. तरी एकीकरण पूर्ण झाले होते. मृत्यूच्या आदल्या वर्षी, 'रोमा देल पोपोलो' या आपल्या नियतकालिकात आंतरराष्ट्रीय धोरणावर लिहिताना, त्याने ऑस्ट्रिया व तुर्कस्तान या साम्राज्यांच्या जोखडाखालील स्लाव्ह लोकांशी इटलीने मैत्री करावी असे प्रतिपादन केले. त्याच लेखनात त्याने असेही सुचविले, की मोरोक्को जसा आयबेरियाच्या आणि अल्जीरिया जसा फ्रान्सच्या वाट्याचा, तसे भूमध्य समुद्राच्या मध्यावरील ट्यूनिस उघडच इटलीच्या वाट्याचे आहे. ट्यूनिसच्या लोकांचे राष्ट्रीयत्व हा मुद्दा तेथे येत नाही. मॅझिनीच्या चाहत्यांना हे लेखन वार्धक्यातील स्खलन वाटते. मला तसे वाटत नाही. नद्या, पर्वत व समुद्र यांच्या रूपाने ईश्वरानेच राष्ट्रांच्या सीमा आखल्या आहेत, असे ज्याने आयुष्यभर मानले, त्याला समुद्रापलीकडचा किनाराही त्याच आखणीत दिसावा, हे त्याच्या तर्काला धरूनच आहे.

३

इटलीचे राज्य १७ मार्च १८६१ रोजी घोषित झाले, तेव्हा त्याची प्रजा कोणती भाषा बोलत होती? तुल्लियो दे माउरो यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक इतिहासात, त्या वेळी इटालियन भाषा बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे अडीच टक्के होते, असे अनुमान काढले. पुढे कास्तेल्लानी यांनी तस्कनी व रोम येथील बोलींचा निराळा हिशेब करून हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास नेले. यांपैकी कोणताही आकडा घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही. सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते आणि मतदानाचा अधिकार लोकसंख्येच्या जेमतेम दोन टक्क्यांना होता. एकीकरणाचा शिल्पकार काव्हूर स्वतः फ्रेंचमध्ये अधिक सहजतेने लिहीत असे. राष्ट्र ही 'कल्पिलेली' वस्तू आहे, हा बेनेडिक्ट अँडरसन यांचा १९८३ मधील सिद्धान्त आपल्या विद्यापीठांत पुष्कळ चर्चिला गेला. इटलीच्या बाबतीत मात्र तो सिद्धान्ताच्या थाटात मांडावा लागत नाही. जनगणनेचे तक्ते उघडले तरी पुरे.

म्हणून भाषेचा प्रश्न हा तेथे राज्यबांधणीचा प्रश्न ठरला. आलेस्सांद्रो मान्झोनीने आपली १८२७ ची कादंबरी फ्लॉरेन्सच्या सुशिक्षितांच्या बोलीला अनुसरून आमूलाग्र पुन्हा लिहिली आणि ती १८४० ते १८४२ या काळात नव्या रूपात प्रसिद्ध केली. पुढे १८६८ मध्ये भाषेच्या एकतेविषयी त्याने शिक्षणमंत्र्यांना अहवाल सादर केला. एका कादंबरीकाराच्या शैलीविषयक निर्णयाचे असे सरकारी धोरण झाले. एकीकृत राज्याच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांपैकी एक असलेल्या फ्रान्चेस्को दे सांक्तिस याने १८७०–७१ मध्ये इटालियन वाङ्मयाचा इतिहास लिहिला, तो राष्ट्राच्या आत्म्याचे पतन व पुनरुत्थान या कथासूत्रावर. वाङ्मयेतिहास म्हणजे राष्ट्राचे चरित्र, ही आपल्याकडे आजही अभ्यासक्रमांतून वावरणारी समजूत ज्या ग्रंथांनी दृढ केली, त्यांत याची गणना करावयास हरकत नाही.

इटली घडली, आता इटालियन माणूस घडवावयाचा आहे, या आशयाचे एक वचन मास्सिमो दाझेलियोच्या नावावर सर्वत्र उद्‌धृत होते. त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या आशयाचा विचार आहे. आज रूढ असलेली नेटकी शब्दरचना मात्र फेर्दिनांदो मार्तिनीने १८९६ साली दिली, असे काही संशोधक म्हणतात; श्रेय पुन्हा दाझेलियोकडे देणारेही आहेत. हा वाद येथे सोडविण्याची आवश्यकता नाही. मात्र हा मार्तिनी पुढच्याच वर्षी आफ्रिकेतील एरिट्रिया या इटालियन वसाहतीचा गव्हर्नर म्हणून नेमला गेला आणि १९०७ पर्यंत त्या पदावर राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इटालियन माणूस घडविण्याची जागा इटलीबाहेरही असू शकते, असे मानणारे लोक तोवर सत्तेवर आलेले होते.

४

ते कोण होते हे पाहिले म्हणजे प्रतारणेच्या उपपत्तीतील दुबळेपणा कळून येतो. पास्क्वाले मान्चिनी या विधिज्ञाने १८५१ मध्ये तुरीन येथील आपल्या प्रास्ताविक व्याख्यानात, आंतरराष्ट्रीय विधीचा पाया राज्य नसून राष्ट्रीयत्व हा होय, असे मांडून युरोपभर कीर्ती मिळविली. फेब्रुवारी १८८५ मध्ये इटलीचे सैनिक मसावा बंदरात उतरले, तेव्हा परराष्ट्रमंत्री हाच मान्चिनी होता. भूमध्य समुद्राच्या किल्ल्या तांबड्या समुद्रात सापडतील, असे त्याने संसदेला सांगितले. चार वर्षांपूर्वी फ्रान्सने ट्यूनिस बळकावले होते. त्याची बोच या विधानामागे आहे. फ्रान्चेस्को क्रिस्पी हा सिसिलीचा, मॅझिनीचा अनुयायी, १८६० मध्ये गॅरिबाल्डीबरोबर निघालेल्या 'हजारां'पैकी एक. प्रजासत्ताकाने फूट पडेल, राजसत्ता मात्र जोडून ठेवील, असे म्हणत तो १८६४ मध्ये राजपक्षाला मिळाला आणि १८८७ मध्ये पंतप्रधान झाला. अडोव्याच्या रणभूमीवर हरलेला सेनापती बाराटिएरी हाही त्या हजारांतलाच. त्याचा जन्म ऑस्ट्रियाच्या ताब्यातील प्रदेशात झालेला. परकीय सत्ता म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

क्रिस्पीच्या धोरणात दक्षिण इटलीतील दारिद्र्याचा धागाही गुंतलेला आहे. भूमिहीन शेतकरी अमेरिकेला जात होते. त्यांना राष्ट्राच्याच झेंड्याखाली जमीन मिळावी, ही कल्पना वरकरणी दयाळूपणाची होती. दुष्काळाने ओस पडलेल्या एरिट्रियाच्या पठारावरील जमिनी बेवारस ठरवून सरकारने ताब्यात घेतल्या. तेथे गावकीचे व घराण्यांचे हक्क होतेच. डिसेंबर १८९४ मध्ये बाहता हागोस याने जे बंड केले, त्यामागे हे कारण प्रमुख होते. त्याच वर्षाच्या प्रारंभी क्रिस्पीने सिसिलीतील शेतकरी-कामकऱ्यांची चळवळ लष्करी कायदा पुकारून मोडून काढली होती. घरी नाकारलेली जमीन आफ्रिकेत देऊ करावयाची, असा हा व्यवहार होता.

५

आता ज्या दस्तऐवजामुळे हा विषय वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो, त्याकडे वळू. मार्च १८८९ मध्ये इथिओपियाचा सम्राट योहान्नेस चौथा महदींच्या सैन्याशी लढताना मारला गेला. शोआचा राजा मेनेलिक गादीवर हक्क सांगत होता. त्याला शस्त्रे, कर्ज आणि मान्यता हवी होती. २ मे १८८९ रोजी वुचाले येथे त्याने इटलीचा प्रतिनिधी पिएत्रो आंतोनेल्ली याच्याशी तह केला. तह अम्हारिक आणि इटालियन या दोन भाषांत होता आणि दोन्ही पाठ सारखेच प्रमाण मानावयाचे होते. त्याचे सतरावे कलम इतर सत्तांशी होणाऱ्या व्यवहाराविषयी होते. इटालियन पाठाचा आशय असा, की इथिओपियाचे सम्राट इतर सरकारांशी असलेल्या आपल्या सर्व व्यवहारांत इटलीच्या सरकारचा उपयोग करण्यास 'संमती देतात'. अम्हारिक पाठात त्या ठिकाणी शक्यतादर्शक क्रियापद होते. सम्राटांना तसा उपयोग करून 'घेता येईल', एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत हा भेद आपल्याला सहज जाणवतो. 'करून घेण्यास संमती देतात' आणि 'करून घेता येईल' यांत एका बाजूस बंधन आहे, दुसऱ्या बाजूस सोय. संमती म्हणजे तरी आज्ञा नव्हे, अशी पळवाट काढता येईल; पण मुत्सद्देगिरीच्या भाषेत ती टिकत नाही. ऑक्टोबर १८८९ मध्ये क्रिस्पीने बर्लिन परिषदेच्या १८८५ च्या ठरावातील चौतिसाव्या कलमाचा आधार घेऊन इतर सत्तांना कळविले, की इथिओपियाचे परराष्ट्रव्यवहार यापुढे इटलीमार्फत चालतील. संरक्षित राज्य घोषित करण्याची ही सर्वमान्य रीत होती. मेनेलिकला याचा पत्ता लागला तो टपालाने. आपल्या राज्यारोहणाविषयी त्याने राणी व्हिक्टोरियाला स्वतः पत्र पाठविले होते. यापुढील पत्रव्यवहार इटलीमार्फत व्हावा, अशा अर्थाचे उत्तर आले. १८९० मध्ये त्याने इटलीचा राजा उंबेर्तो यास लिहून अम्हारिक पाठाकडे लक्ष वेधले. तडजोडीचे प्रयत्न फिसकटले. सम्राज्ञी ताय्तू हिचा अशा तडजोडीला कडवा विरोध होता. १८९३ मध्ये मेनेलिकने तह रद्द झाल्याचे जाहीर केले.

हा फरक अनवधानाने पडला की हेतुपुरस्सर? स्वेन रुबेन्सन यांनी १९६४ मध्ये दोन्ही पाठांची बारकाईने छाननी करून आंतोनेल्लीला भेद ठाऊक होता असा निष्कर्ष काढला. कार्लो जिल्यो यांनी तो अमान्य केला. पुराव्याचे पारडे मला रुबेन्सनकडे झुकलेले दिसते. आंतोनेल्लीने शोआत वर्षे काढली होती आणि सम्राटाने काय मान्य केले हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? परंतु हेतूचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. दोन्ही पाठ समान प्रमाण असताना, युरोपातील एकाही मोठ्या दरबाराला सुरुवातीस अम्हारिक पाठ पाहण्याची गरज भासली नाही. अधिकृत पाठ दोन, पण वाचला गेला एकच. भाषांतरातील चूक साम्राज्य निर्माण करीत नाही. कोणाचा पाठ वाचावयाचा हे अगोदर ठरलेले असते, म्हणून चुकीला राजकीय बळ चढते. एडवर्ड सईद यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात संस्कृती आणि साम्राज्य यांचे नाते कादंबरी व संगीतिकेत शोधले. ते कलमाच्या क्रियापदातही शोधता येते, किंबहुना तेथे ते अधिक उघडे सापडते.

आणखी एक विसंगती. आपली बोली सोडून फ्लॉरेन्सची भाषा उचला, असे सिसिलीच्या व व्हेनिसच्या माणसाला सांगणाऱ्या राज्याला भाषा म्हणजे राष्ट्राचा प्राण, हे तत्त्व तोंडपाठ होते. त्या तत्त्वाचा लाभ अम्हारिकला मिळाला नाही.

६

१ मार्च १८९६ रोजी अडोवा येथे सतरा-अठरा हजारांच्या इटालियन सैन्याची गाठ सुमारे लाखभर इथिओपियन सैनिकांशी पडली. एरिट्रियातील आस्करी शिपाई धरून सहा हजारांच्या आसपास माणसे इटलीने गमावली. क्रिस्पीचे मंत्रिमंडळ कोसळले, आणि २६ ऑक्टोबर १८९६ च्या अदिस अबाबाच्या तहाने वुचालेचा तह रद्द होऊन इथिओपियाचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य झाले. मिलानच्या रस्त्यांवर मेनेलिकचा जयजयकार झाला. पाव्हियात सैनिकांची गाडी जाऊ नये म्हणून लोकांनी रूळ उखडले. समाजवादी प्रतिनिधी आंद्रेआ कोस्टा याने १८८७ मध्येच, दोगालीच्या पराभवानंतर, आफ्रिकेसाठी एकही माणूस वा पैसा देऊ नये असे संसदेत बजावले होते. तेव्हा इटलीत एकच राष्ट्रभावना नांदत होती असे समजू नये.

त्याचबरोबर मेनेलिकला वसाहतविरोधी नायक करून थांबणेही उतावीळपणाचे होईल. ज्या बंदुका अडोव्यात चालल्या, त्यांच्या बळावरच त्याने दक्षिणेकडील ओरोमो, वोलाइता व काफा हे प्रदेश आपल्या साम्राज्याला जोडले. काफा तर १८९७ मध्ये, अडोव्यानंतर. पकडलेल्या आस्करींचे उजवे हात व डावे पाय तोडण्यात आले. साम्राज्य ही केवळ युरोपची मिरास नव्हती.

इथिओपियाशी आपल्या प्रांताचाही एक जुना संबंध आहे. सम्राट तेवोद्रोसवर १८६७–६८ मध्ये इंग्रजांनी जी मोहीम काढली, तिचे सैन्य मुख्यतः मुंबई इलाख्यातून गेले. सेनापती नेपियर हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता, आणि हिंदी पलटणींच्या नेहमीच्या पगाराचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर राहिला.

७

मराठीत मॅझिनी आला तो प्रामुख्याने १९०७ मध्ये. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये सिद्ध केलेले मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकारण त्यांचे बंधू बाबाराव यांनी येथे प्रसिद्ध केले. पुढे सरकारने ते जप्त केले. गुप्त मंडळी, तरुणांची संघटना, हद्दपारीतील निष्ठा हे या ग्रंथाचे आकर्षण. 'अभिनव भारत' हे संस्थेचे नावच 'तरुण इटली'चा प्रतिध्वनी आहे. दोन वर्षांनी गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये इटलीला एक स्वतंत्र प्रकरण दिले, आणि मॅझिनीची इटली व काव्हूर-गॅरिबाल्डींची इटली यांत भेद करून, ऑस्ट्रिया गेल्याने तेथील सामान्य माणसाच्या पदरात काय पडले, असा प्रश्न विचारला. दोन टोकांच्या दोन वाचकांनी एकच दाखला निवडावा, यावरून त्याचे वजन कळते.

सावरकरांच्या ग्रंथाबाबत पाठचिकित्सेचा एक मुद्दा नोंदविणे अगत्याचे आहे. मूळ इटालियन नव्हे, इंग्रजी भाषांतर हा त्यांचा आधार होता. मॅझिनीच्या लेखनाची सहा खंडांची इंग्रजी आवृत्ती १८६४ ते १८७० या काळात निघाली. ट्यूनिसविषयीचे लेखन १८७१ चे. म्हणजे या खंडांवर विसंबणाऱ्या वाचकाच्या हाती जो मॅझिनी पडला, तो रोम मिळण्यापूर्वीचा. साम्राज्याकडे वळणारी वाट त्या पुस्तकात आढळत नाही, याचे एक कारण मराठी मनाच्या निवडीत असेल, तर दुसरे लंडनच्या प्रकाशनाच्या तारखांत आहे. 'मिशन' आणि 'ड्यूटी' या इंग्रजी पदांसाठी १९०७ च्या मराठी पाठात कोठे 'धर्म', कोठे 'कर्तव्य', कोठे 'कार्य' अशी योजना आहे का, असल्यास कोणत्या संदर्भात, याची तुलनात्मक तपासणी एखाद्या प्रबंधिकेचा विषय होण्यासारखी आहे. त्या तपासणीत इंग्रजी खंडांबरोबर इटालियन पाठही समोर असावा. कारण दोन पाठांपैकी एकच वाचण्याची सवय कोठे नेते, हे वुचालेच्या सतराव्या कलमात आपण पाहिले आहे.